भयपटाचा ट्रेलर: वयोगट कोणता, खर्च किती?

स्वारगेट परिसरातल्या विद्यार्थ्यांच्या एखाद्या गटानं भयपट केला, की ट्रेलर दाखवायच्या जागा समोरच असतात: प्रत्येकाचा मोबाइल, गणेश कला क्रीडा मंचावरचा एखादा कार्यक्रम, लक्ष्मीनारायणसारखं चित्रपटगृह. ट्रेलर कुठे लागणार यावर वयोगट ठरतो आणि वयोगटावर खर्च. म्हणून हा निर्णय पटकथेच्या टेबलावरच घ्या. तिथे दृश्य बदलायला पेन पुरतं; चित्रीकरण झाल्यावर तेच दृश्य बदलायचं तर पुन्हा कॅमेरा, पुन्हा प्रकाशयोजना आणि पुन्हा सगळ्यांच्या तारखा जुळवाव्या लागतात.

वयोगट कोणते?

सिनेमॅटोग्राफ कायद्यात 2023 साली दुरुस्ती झाली आणि 'यूए' या एका गटाचे तीन गट झाले. आता प्रमुख गट असे:

- यू: सर्वांसाठी.
- यूए 7+, यूए 13+, यूए 16+: त्या वयाखालच्या मुलांना दाखवायचं की नाही, हे पालकांनी ठरवायचं.
- ए: फक्त 18 वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी.

इथे एक गैरसमज हमखास होतो. यूए 13+ म्हणजे दहा वर्षांच्या मुलाला बंदी नव्हे. त्याच्या पालकांना दिलेली ती सूचना आहे. या गटांपैकी बंदी फक्त 'ए'मध्ये असते. महाराष्ट्राच्याच मातीतल्या दोन भयकथा पाहा. 'तुंबाड'ला (2018) 'ए' मिळालं, 'मुंज्या'ला (2024) 'यूए'. पहिला शाळकरी मुलांना चित्रपटगृहात पाहता आला नाही, दुसरा घरच्यांसोबत पाहता आला.

मार्ग 1: यूट्यूब आणि इन्स्टाग्राम

खर्च: शून्य रुपये. इंटरनेटवर ट्रेलर टाकायला केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं, म्हणजे सेन्सॉरचं, प्रमाणपत्र लागत नाही. यूट्यूबवर 18 वर्षांवरील प्रेक्षकांपुरती मर्यादा तुम्हाला स्वतः घालता येते. तिची किंमत प्रेक्षकसंख्येत मोजावी लागते: लॉग-इन न केलेल्यांना आणि अठराच्या आतल्यांना व्हिडिओ दिसत नाही. 'मुलांसाठी बनवलेला' हा पर्याय मात्र भयपटाला चुकूनही निवडू नका.

सुरुवातीच्या पाटीवर मंडळाच्या प्रमाणपत्राची नक्कल लावू नका. 'भीतिदायक दृश्ये. 13 वर्षांखालील मुलांनी पालकांसोबत पाहावे' एवढं साध्या मराठीत लिहा.

मार्ग 2: महोत्सव

महोत्सवातल्या प्रदर्शनासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून प्रमाणपत्रातून सूट मिळू शकते आणि तो अर्ज आयोजक करतात. त्यामुळे तुमच्या वाट्याला सहसा प्रवेश शुल्क येतं. सूट घेतली आहे का आणि ती ट्रेलरलाही लागू आहे का, हे आयोजकांकडून लेखी घ्या.

मार्ग 3: चित्रपटगृह

इथे केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र हवंच. ट्रेलरला मुख्य चित्रपटापासून वेगळं प्रमाणपत्र लागतं. अर्ज 'ई-सिनेप्रमाण' पोर्टलवर होतो. पुणेकरांसाठी कार्यालय मुंबईचं, पेडर रोडवरचं. अंदाजपत्रकात हे धरा:

- प्रमाणन शुल्क: ते लांबी आणि प्रकारानुसार ठरतं. पोर्टलवर दिसेल तेवढंच, ऑनलाइन भरा. 'काम करून देतो' म्हणणाऱ्या मध्यस्थाला पैसे देण्याची गरज नाही.
- प्राणी: काळं मांजर किंवा कुत्रा दाखवणार असाल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाआधी घ्या. घुबड तर वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे. तिथे संगणकावर केलेलं चित्र किंवा नुसता आवाज वापरा.
- डीसीपी: चित्रपटगृहाच्या प्रोजेक्टरला लागणारी फाइल. 'डीसीपी-ओ-मॅटिक' या मोफत सॉफ्टवेअरवर ती घरी बनते. एकदा थिएटरमध्ये लावून पाहण्याचं भाडं मात्र धरा.
- मुंबईची फेरी: गरज पडली तर स्वारगेटहून बसचं जाण्यायेण्याचं भाडं.

प्रमाणपत्राशिवाय सार्वजनिक प्रदर्शन केलं तर कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. 'ए' ट्रेलर लहान मुलं बसलेल्या 'यू' चित्रपटाआधी लावता येत नाही, म्हणजे 'ए' घेतलं की दाखवायच्या जागाही घटतात.

दृश्य तपासायचं कसं?

संकलनाच्या टाइमलाइनवर सेकंदांनुसार यादी करा. समजा: 0:42, खिडकीच्या काचेवर हात. 0:47, किंकाळी. 0:51, गळ्याजवळ सुरी. 0:53, रक्त. आता 0:53 काढून 0:51 नंतर थेट अंधार आणि नुसता श्वासाचा आवाज ठेवून पाहा. भीती तेवढीच राहते, बहुधा वाढतेच, आणि वयोगट खाली यायला वाव मिळतो. ओटीटीसाठीच्या 2021 च्या नियमांत हिंसा, भाषा, लैंगिकता, अमली पदार्थ यांच्याबरोबर भय हाही वर्गीकरणाचा स्वतंत्र निकष आहे. म्हणून रक्त नसलं तरी सलग दचकवणारा ट्रेलर 'यू' समजू नका.

लहान मूल हिंसेचं बळी किंवा साक्षीदार झालेलं दाखवणार असाल तर दोनदा विचार करा. प्रमाणनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा दृश्यांचा वेगळा उल्लेख आहे.

स्वारगेटपुरतं एक आवर्जून सांगणं. फेब्रुवारी 2025 मध्ये इथल्या एसटी आगारात उभ्या असलेल्या बसमध्ये तरुणीवर बलात्कार झाल्याची तक्रार नोंदली गेली. रात्रीची रिकामी बस आणि एकटी मुलगी हे दृश्य इथल्या लोकांना काय आठवून देईल, याचा विचार करा. लैंगिक हिंसेची सूचनाही वयोगट वर नेते, आणि कुणाच्या खऱ्या यातनेवर आपली भीती उभी करू नये.

आमचा सल्ला

पहिल्या ट्रेलरसाठी यूए 13+ हे लक्ष्य ठेवा. धाकटी भावंडं, आईवडील, प्राध्यापक आणि पुढे एखादा निर्माता, असे सगळे तो एकत्र बसून पाहू शकतात. चित्रपटाचा विषयच प्रौढांचा असेल तर 'ए' स्वीकारायला कमीपणा नाही. ट्रेलर सौम्य ठेवा, पण चित्रपट प्रौढांसाठी आहे हे त्यात स्पष्ट लिहा.

अपलोड किंवा अर्ज करण्याआधी बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या दोन-तीन पालकांना ट्रेलर आधी आवाजासह आणि मग आवाज बंद करून दाखवा. 'तुमच्या मुलाला दाखवाल का?' एवढंच विचारा. उत्तर 'नाही' आलं तर कोणत्या सेकंदाला नको वाटलं ते लिहून घ्या आणि तो सेकंद पुन्हा संकलनाला घ्या.