येडगावचा गाळ आणि वाकडी लेन्स

टिल्ट-शिफ्ट लेन्सबद्दल निसर्गचित्रण करणाऱ्यांमध्ये एक समज घट्ट बसलाय. ही लेन्स लावली की पायाजवळच्या ढेकळापासून क्षितिजावरच्या डोंगरापर्यंत सगळं शार्प येतं. हा समज अर्धा खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी लोकांच्या पहाटा वाया जातात. येडगाव धरणाच्या काठावर ही लेन्स मी पुष्कळ वापरली आहे. तिथं जे दिसलं, ते ही लेन्स विकत किंवा भाड्यानं घेऊ पाहणाऱ्यांसाठी लिहितोय.

आधी जागेबद्दल. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणं. त्यातलं येडगाव नारायणगावच्या जवळ, कुकडी नदीवर. कुकडीचा डावा कालवा इथूनच निघतो आणि पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत थेट करमाळ्याकडे जातो. उन्हाळ्यात आवर्तन सुटलं की पाणी झपाट्यानं उतरतं आणि मागे सपाट गाळ उघडा पडतो. काही ठिकाणी त्याला हातभर भेगा, काही ठिकाणी गाळपेरीचं कोवळं हिरवं. टिल्टला हवी असते तशी जमीन हीच: लांबवर पसरलेली आणि मध्ये काही उभं नसलेली.

साध्या लेन्सचं शार्प प्रतल कॅमेऱ्यासमोर उभ्या काचेसारखं असतं. फोकसची कडी फिरवली की ते पुढेमागे सरकतं, पण उभंच राहतं. लेन्स खाली झुकवली की ते आडवं होऊ लागतं आणि जमिनीवर निजवता येतं. ऑस्ट्रियन सैन्यातला कॅप्टन थिओडोर शाइमफ्लुग यानं १९०४च्या पेटंटात हा नियम मांडला. त्याचा निसर्गचित्रांशी संबंध नव्हता. त्याला आकाशातून काढलेल्या तिरप्या फोटोंवरून नकाशे बनवायचे होते. छोट्या कॅमेऱ्यासाठी टिल्ट (झुकणं) आणि शिफ्ट (न झुकता बाजूला किंवा वर-खाली सरकणं) दोन्ही करणारी लेन्स १९७३ साली कॅननने आणली. आज लोक ज्या २४ मिमीच्या दुसऱ्या आवृत्तीबद्दल बोलतात, ती २००९ची.

आता हिशेब. तो तोंडपाठ असला की काठावर धांदल होत नाही. जमिनीपासून लेन्सची उंची फुटांत घ्या, तिला ५ने गुणा, आणि फोकल लेंग्थच्या मिमीला त्यानं भागा. टिल्टचा कोन अंशांत मिळतो. २४ मिमीची लेन्स ५ फुटांवर असेल तर जेमतेम १ अंश. दीड फुटावर असेल तर ३ अंश. इतकंच! त्या लेन्सला साडेआठ अंशांपर्यंत झुकण्याची सोय आहे म्हणून नवखा माणूस ५-६ अंश झुकवून बसतो आणि मग निम्मा फोटो धुरकट का झाला ते त्याला कळत नाही. कॅमेरा लेव्हलमध्ये ठेवून कोन लावला की फोकसची कडी जवळजवळ अनंताच्या खुणेवर येते आणि तरी पायाजवळची भेग शार्प दिसते. पहिल्यांदा डोळ्यांवर विश्वास बसत नाही. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून जवळचं, लांबचं, परत जवळचं असं तपासत राहायचं. या लेन्सना ऑटोफोकस नसतो.

एका पहाटे मी तसा गुडघे टेकून स्क्रीनवर डोळा लावून बसलो होतो. गाळपेरीत कोथिंबिरीला पाणी द्यायला आलेले एक गृहस्थ मागे येऊन उभे राहिले.

"भाऊ, भिंग वाकडं झालंय की तुमचं."

"मुद्दाम वाकडं केलंय, मामा."

"मग ती बाभळ येईल का नीट?"

आली नाही. मामांनी विचारलेला प्रश्नच या लेन्सचा खरा प्रश्न आहे. टिल्ट केल्यावर शार्प भाग पाचरीच्या आकाराचा होतो: कॅमेऱ्यापाशी पातळ, लांब जाईल तसा जाड. २४ मिमी, एफ/८, लेन्स ५ फुटांवर, प्रतल जमिनीला टेकवलेलं असं धरलं तर ८ फुटांवर जमिनीपासून साधारण ५ फूट उंचीपर्यंतचं शार्प येतं. बाभळ १० फुटांवर होती आणि १२ फूट उंच. खोड नीट, शेंडा विस्कटलेला. मागचा डोंगर मात्र काटेकोर, कारण तिथवर पाचर शेकडो फूट जाड झालेली असते. शेंडा वाऱ्यानं हलला असेल अशी समजूत पुष्कळ जण करून घेतात. वारा नसतानाही तो तसाच येईल.

यावर अर्धा इलाज आहे. प्रतल जमिनीला टेकवलं की पाचरीचा निम्मा भाग जमिनीखाली वाया जातो. म्हणून कडी किंचित जवळच्या बाजूला फिरवायची. प्रतल लांबच्या टोकाकडून वर उचललं जातं. जमीन पाचरीच्या खालच्या काठावर ठेवायची, बाकीचं झुडपांना द्यायचं. तरी जवळचं मोठं झाड चौकटीत असेल तर टिल्ट शून्यावर आणा आणि साध्या पद्धतीनं काढा. फुल फ्रेमवर २४ मिमीला एफ/११ ठेवून ६ फुटांच्या आसपास फोकस केला, तर ३ फुटांपासून क्षितिजापर्यंत बहुतेक छपाईला पुरेसं शार्प मिळतंच. मग टिल्टचा फायदा काय? ३ फुटांच्याही अलीकडची भेग मिळते. शिवाय एफ/१६ला जाऊन डिफ्रॅक्शननं चित्र मऊ करून घ्यावं लागत नाही, आणि एफ/८ मुळे शटरचा वेग वाढून गाळपेरीतलं पातं हललेलं येत नाही. फोकस स्टॅकिंगनं हे होत नाही असं नाही, पण दोन फ्रेमांमध्ये लाटा आणि पाती हलतात आणि जोड दिसतात.

कॅमेरा खाली नेला की भेगा भव्य दिसतात खऱ्या, पण पाचर आणखी बारीक होते. दीड फुटावरून ८ फुटांवर फक्त दीड फूट उंचीच मिळते. आणि खाली बसण्याबद्दल जुन्नर तालुक्यापुरती एक वेगळी सूचना. हा बिबट्यांचा मुलूख आहे. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे ते उगाच नाही. उसाच्या कडेला पहाटेच्या अंधारात एकट्यानं वाकून बसू नका. वनखातंही हेच सांगतं. सोबत माणूस आणि हातात बॅटरी हवी, फोटो उजाडल्यावर काढला तरी चालतो.

भाड्याच्या लेन्सचं वेगळंच. एकदा आलेली लेन्स जुन्या बनावटीची होती. तिच्यात टिल्ट आणि शिफ्टचे अक्ष एकमेकांना काटकोनात होते. म्हणजे खाली टिल्ट करावं तर शिफ्ट डावी-उजवीकडेच होणार. मला दोन्ही उभ्या दिशेत हवे होते. निक्कॉरच्या पीसी-ई लेन्सही अशाच येतात. अक्ष बदलायला स्क्रू काढून लेन्स उघडावी लागते, आणि भाड्याच्या लेन्सला कोण हात लावणार? कॅननच्या २००९च्या १७ आणि २४ मिमीला हे दोन्ही अक्ष स्वतंत्र फिरतात. दुकानातून उचलतानाच हे विचारा. दुसरं, आधीच्या माणसानं टिल्ट अर्ध्या अंशावर सोडलेला असतो आणि अख्ख्या दिवसाचे फोटो एका बाजूनं मऊ येतात. दोन्ही खुणा शून्यावर आणून, लॉक आवळून, भिंतीचा एक फोटो दुकानातच काढून पाहावा. १७ मिमीच्या फुगीर काचेवर साधा फिल्टर बसत नाही हेही तिथंच लक्षात घ्या.

शिफ्ट मला टिल्टपेक्षा जास्त उपयोगी पडलाय, आणि त्याबद्दल लोक फार कमी बोलतात. येडगावच्या पाण्याकाठीच ओझरचा विघ्नेश्वर आहे. तिथल्या दीपमाळांचा फोटो कॅमेरा वर करून काढला की त्या मागे कललेल्या दिसतात. कॅमेरा सरळ ठेवून लेन्स वर सरकवली की उभ्याच राहतात. काठावरच्या निलगिरीच्या रांगेलाही तेच लागू. सॉफ्टवेअरनं ओढूनताणून सरळ करता येतं, पण कडा कापाव्या लागतात आणि वरचा भाग विरळ होतो. डीएसएलआर असेल तर प्रकाशमापन शिफ्ट करण्याआधी करा, नंतर मीटर फसवतो.

लेन्स १२ मिमी डावीकडे, १२ मिमी उजवीकडे सरकवून तीन फ्रेमांचा पॅनोरामा करता येतो. आडव्या फुल फ्रेमला ३६ मिमीच्या जागी ६० मिमीची रुंदी मिळते. गाळावर हे जमवायचं तर ट्रायपॉडच्या पायांखाली फळीचे तुकडे ठेवा, कारण पाय हळूहळू रुततात आणि तिसऱ्या फ्रेमपर्यंत लेव्हल गेलेली असते. लेन्स सरकते म्हणजे नजरही सरकते, त्यामुळे हातभर अंतरावरची भेग जोडावर जुळत नाही. त्यासाठी लेन्सला धरणारी कॉलर मिळते. मग लेन्स स्थिर राहते आणि कॅमेरा सरकतो.

विकत घ्यावी का? नावाजलेली नवी लेन्स लाखाच्या वर जाते. मंदिरं, वाडे, इमारती यांचं काम असेल तर पैसे वसूल होतात. निव्वळ निसर्गासाठी मी घेणार नाही, भाड्यानं आणीन. फक्त शिफ्ट हवा असेल तर लाओवाची १५ मिमी आहे, दोन्ही हवेत आणि हात आखडता असेल तर साम्यांगची २४ मिमी. आणि बुकिंगची तारीख सुट्टी पाहून ठरवू नका. कुकडीचं उन्हाळी आवर्तन कधी सुटणार हे वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानावर येतं. पाणी उतरल्यावर काही दिवस गाळ ओला आणि दलदलीचा असतो, पुढे भेगा पडतात, आणि गाळपेर वर आली की त्या झाकल्या जातात. मधले दिवस थोडेच असतात, लेन्स त्या दिवसांसाठी सांगून ठेवा.