गुलछडी लावू की शेवंती?



मार्चच्या बैठकांमध्ये यंदा एकच प्रश्न तीन गटांत ऐकला. अंतर्गत कर्ज घेऊन दोन-तीन गुंठ्यांत फुलं करायची आहेत, तर गुलछडी लावू की शेवंती? मी तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही, कारण दोन्ही फुलं चांगली आहेत. तुमचं पाणी, तुमची सकाळ आणि कर्जाचा हप्ता यातलं कुठलं फूल झेपेल ते बघावं लागतं. म्हणून हा लेख.

आधी नावाचा घोळ मिटवू. निशिगंध, रजनीगंधा आणि गुलछडी हे एकच फूल. बाजारात 'गुलछडी' म्हणतात, आपणही तेच म्हणू. एकेरी फुलाची जात हार-गजऱ्याला सुट्टी विकली जाते, दुहेरी फुलाची दांडी गुच्छाला. आपल्याला सुट्टी फुलं विकायची असतील तर एकेरीच घ्या. राहुरी विद्यापीठाची 'फुले रजनी' आणि बंगळूरच्या संस्थेची 'प्रज्वल' या एकेरी जाती आहेत.

गुलछडी कंदापासून येते. एप्रिल-मे मध्ये लावायची, साधारण तीन महिन्यांनी दांडे येतात आणि एकदा लावली की तीन वर्षं ठेवता येते. शेवंती काश्यांपासून, म्हणजे जुन्या झाडाच्या बुडातून फुटलेल्या पिल्लांपासून येते. तीही एप्रिल-मे मध्येच लावतात, पण फूल येतं ते थेट दसरा-दिवाळीच्या सुमाराला. फुलं संपली की झाडं जमिनीलगत कापून थोडी राखून ठेवायची, पुढच्या वर्षीच्या काश्या घरच्याच मिळतात.

आता पाणी. आपल्याकडे नीरा डाव्या कालव्यावरच्या ताईंचं सगळं गणित आवर्तनावर चालतं आणि मे महिन्यात आवर्तन लांबलं तर काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. कंदाच्या पोटात स्वतःची शिदोरी असते. गुलछडीला उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांनी पाणी लागतं, एखादी पाळी चुकली तर ती कोमेजते पण तग धरते. शेवंतीच्या कोवळ्या काश्यांना ती सवलत नाही, लावल्यावरचे पहिले पंधरा दिवस चुकले की निम्मी रांग वाळलेली दिसते. मोरगाव-सुप्याकडच्या जिरायती भागात विहिरीचं पाणी मेपर्यंत पुरत नसेल तर शेवंतीचा नाद सोडा, असं माझं स्पष्ट मत आहे. पावसाळ्यात मात्र दोघींनाही बुडाशी पाणी साचलेलं चालत नाही. इंदापूरकडच्या भारी काळ्या रानात शेवंती वरंब्याच्या बगलेलाच लावा, सपाट वाफ्यात मर लागते. जमीन चोपण वाटत असेल तर आधी माती तपासा. माळेगाव खुर्दच्या कृषी विज्ञान केंद्रात ती सोय आहे.

लागवडीचा हिशेब वहीत करून बघा. गुलछडी ३० बाय २० सेंटिमीटरवर लावली तर वाटा सोडून गुंठ्याला साधारण दीड हजार कंद लागतात. शेवंती ६० बाय ३० वर लावली तर साडेपाचशे काश्या. कंदाचा दर विचारा, दीड हजाराने गुणा आणि मग कर्जाचा अर्ज भरा. बऱ्याच जणी उलट करतात, आधी रक्कम ठरवतात आणि मग कंद कमी पडतात. कंद निवडताना सुपारीपेक्षा मोठा, टणक, निमुळता बघा. नुकताच काढलेला ओला कंद नको, महिना-दीड महिना सावलीत विसावलेला हवा. शेणखत दोघींनाही गुंठ्याला दोन-अडीच क्विंटल, चांगलं कुजलेलं.

निगा म्हणाल तर शेवंती जास्त लाडकी. लावल्यावर महिन्याभराने शेंडा खुडायचा. पहिल्यांदा खुडताना जीव वर-खाली होतो, पण शेंडा खुडल्याशिवाय फांद्या फुटत नाहीत आणि फांद्या नाहीत तर फुलं नाहीत. मावा आणि फुलकिडे यांच्यावर रोज नजर हवी. गुलछडीला वरून फारसं काही होत नाही. तिचा शत्रू जमिनीखाली असतो: सूत्रकृमी, मुळांवर गाठी करतात. आधीच्या हंगामात त्या रानात झेंडू घेतला आणि लावताना निंबोळी पेंड टाकली तर त्रास कमी होतो.

शेवंतीची एक गोष्ट मात्र मलाही गेल्या वर्षीपर्यंत नीट कळली नव्हती. एका ताईंच्या शेवंतीची तीन रांगा सोडून बाकी सगळी फुलली. त्या तीन हिरव्यागार, कळी नाही. खत तेच, पाणी तेच. शेवटी संध्याकाळी गेलो तेव्हा दिसलं, गोठ्याचा दिवा रात्रभर बरोबर त्या तीन रांगांवर पडत होता. शेवंती रात्र मोठी झाली की कळी धरते. रात्री उजेड असेल तर तिला वाटतं अजून दिवस मोठाच आहे, आणि ती नुसती वाढत राहते. दिव्याचं तोंड फिरवलं, पण दिवाळी गेली होती. तेव्हा जागा निवडताना रात्री एकदा जाऊन बघा.

आता तोडणी, आणि खरा प्रश्न इथेच आहे. गुलछडीची पूर्ण वाढलेली पण न उमललेली कळी ऊन चढायच्या आत तोडावी लागते. रोज. पावसात, लग्नाच्या दिवशी, पोराच्या परीक्षेच्या दिवशीही. त्याच वेळेला धार काढायची असते, डबा असतो. मी ज्या ज्या ताईंना "कोण तोडणार?" विचारलं, त्या म्हणाल्या "मीच की!" ताई, दोन गुंठ्याला पहाटे दुसरे दोन हात लागतातच. सासूबाई, जाऊबाई, मालक, कुणाशी तरी आधी बोलून घ्या. माल ओल्या कापडात गुंडाळून त्याच दिवशी जायला हवा, दुसऱ्या दिवशी त्याला किंमत नाही. शेवंती पूर्ण उमलल्यावर तोडायची, आठवड्यातून एक-दोनदा, आणि दोन-तीन दिवस ती टिकते. पुण्याच्या गुलटेकडीला गाडी चुकली तरी मोरगावच्या देवळापाशी किंवा गावच्या बाजारात खपते.

पैशाचं सांगायचं तर गुलछडी म्हणजे दुधाचा पगार, थोडा थोडा पण येत राहणारा. श्रावणापासून दिवाळीपर्यंत भरपूर, कडाक्याच्या थंडीत कमी. शेवंती म्हणजे उसाचं बिल, एकदम येतं. दसरा, दिवाळी, मार्गशीर्षातले गुरुवार, मग संपलं. म्हणून शेवंतीसाठी कर्ज घेताना गटात आधीच ठरवा की दिवाळीपर्यंत फक्त व्याज भरायचं. नाहीतर जूनपासून हप्ता सुरू होतो, तो मजुरीच्या पैशातून जातो, आणि फुलं फुलायच्या आत ताई बैठकीला यायची बंद होते. हे मी दोनदा पाहिलंय.

पहिलंच वर्ष असेल, पाणी बेताचं आणि घरात पहाटे मदत असेल, तर मी एक गुंठा गुलछडी म्हणेन. एकटी असाल आणि पाणी पक्कं असेल तर शेवंती.

अजून एक. फुलं तुम्ही तोडता, पण पट्टी कुणाच्या नावाने निघते? व्यापाऱ्याकडे पहिल्याच दिवशी तुमचं नाव आणि तुमचं खातं लिहून द्या, नंतर बदलायला फार बोलावं लागतं. एप्रिलच्या बैठकीला येताना रानातल्या चार-पाच ठिकाणची वीतभर खोलीची माती एकत्र करून अर्धा किलो पिशवीत आणा, वर नाव आणि गट नंबर लिहा. सगळ्यांची एकदमच माळेगावला देऊ.