ओळखीची सिस्टर नाव का विचारते?

प्रश्न : मी सिरुसेरीच्या आयटी पार्कात नोकरी करतो. साताऱ्याहून आलेले बाबा इथे इस्पितळात होते. रोजचीच सिस्टर प्रत्येक इंजेक्शनाआधी नाव विचारायची, मनगटावरचा पट्टा वाचायची. बाबा वैतागले. ओळखत असताना हे कशाला?
– एक वाचक, चेन्नई

उत्तर : बाबांना सांगा, सिस्टर हुशार होती. तिने ‘तुम्ही पाटील ना?’ असं विचारलं नाही, हे विशेष. अर्धवट गुंगीतला, त्यातून तमिळ न कळणारा माणूस अशा प्रश्नाला मान डोलावून मोकळा होतो आणि दुसऱ्याच पाटलांचं इन्सुलिन त्याला मिळू शकतं. म्हणून नाव रुग्णाच्या तोंडून यावं लागतं आणि पट्ट्यावरच्या नोंदणी क्रमांकाशी किंवा जन्मतारखेशी जुळावं लागतं. खाटेच्या नंबरावर भिस्त ठेवत नाहीत, खाटा बदलतात.

माणूस बरोबर, पण औषध? इन्सुलिनच्या 10 आकड्यापुढे युनिटसाठी इंग्रजी ‘यू’ घाईत लिहिला, की तो शून्यासारखा दिसतो आणि डोस होतो 100. म्हणून ‘युनिट’ पूर्ण लिहायचं. तीव्र पोटॅशियम क्लोराइड थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. चांगली इस्पितळं ते साध्या वॉर्डच्या कपाटात ठेवतच नाहीत. इन्सुलिन, हेपारिन अशी औषधं दुसरी सिस्टरही तपासते, तीही स्वतंत्रपणे. ‘बघ गं, दहाच आहे ना?’ असं विचारलं, की तिलाही दहाच दिसतं!

आपल्याकडे ब्रँडनावांचा घोळ वेगळाच. फॉल्सिगो आणि फॉल्सिटॅब, दोन्ही मेंदूच्या मलेरियावरची. पण एकात आर्टेसुनेट, दुसऱ्यात मेफ्लोक्विन. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. औषधांच्या नामसाधर्म्याला इतर मालापेक्षा कडक कसोटी हवी, असं न्यायालयाने 2001 मध्ये सांगितलं. तरी सारख्या नावांची औषधं बाजारात आहेतच.

खरी जोखीम मात्र घरी परतताना. रक्तदाबाची जुनी गोळी आणि इस्पितळाने दिलेली नवी, नावं दोन पण घटक एकच, असं सर्रास घडतं. साताऱ्याहून आणलेली सगळी पाकिटं, आयुर्वेदिक काढ्यासकट, डिस्चार्जच्या कागदाशेजारी मांडा आणि घटकांची नावं वाचा. त्यातलं काय बंद करायचं, ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.