स्मारकाचा पाठ : महाडचे चवदार तळे

औंढा नागनाथाच्या देवळात नंदी देवासमोर नसून मागील बाजूस आहे. संत नामदेवांस कीर्तनासाठी देवळामागे जावयास सांगितले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी आख्यायिका हिंगोली जिल्ह्यात घरोघरी सांगतात. आख्यायिका म्हणजे इतिहास नव्हे. परंतु जेथे मज्जाव झाला ते स्थळ लोक विसरत नाहीत, एवढे मुलांस तिच्यावरून उमगते. मग महाडकडे वळणे सोपे जाते.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, असा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यास अनुसरून चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेस जमलेल्या लोकांसह शिस्तीने तळ्यावर गेले व ओंजळभर पाणी प्याले. घडले ते एवढेच. नंतर, हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली आणि जमावाने परिषदेच्या लोकांस मारहाण केली. बाबासाहेबांनी त्यांस उलट हात उगारू दिला नाही.

येथे शिक्षकाने घाई करू नये. मार खाणारे दुबळे होते काय, असे एखादे मूल विचारील. त्यांच्यात सैन्यातून निवृत्त झालेले अनेक जण होते, हे अवश्य सांगावे.

पुढे तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दुसऱ्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम असल्याने तळ्यावरील सत्याग्रह मात्र तहकूब ठेवला गेला. तळ्याच्या पाण्यावरील हक्क मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केला तो १७ मार्च १९३७ रोजी.

महाडचा क्रांतिस्तंभ व तळ्यावरील बाबासाहेबांचा पुतळा पाहावयास दरवर्षी २० मार्चला मोठा जनसमुदाय जमतो. स्तंभ दिवसाची आठवण देतो; मधली दहा वर्षे त्यावर दिसत नाहीत. ती मुलांकडून फळ्यावर मोजून घ्यावीत.

पाठानंतर वर्ग गावातील जुन्या विहिरीवर न्यावा. तेथे पूर्वी पाणी कोण भरी, कोणास थांबावे लागे, हे वडीलधाऱ्यांस विचारावे. मात्र आपल्या घरच्या अपमानाची हकीकत सर्वांदेखत सांगण्यास कोणत्याही मुलास उभे करू नये.