परतीचं पाणी आधी बघ

भाचीबाई, तू आणि जावईबापूंनी होडी घेतलीत, फार बरं वाटलं. 16 फुटी अ‍ॅल्युमिनियमची होडी आणि 25 अश्वशक्तीचं इंजिन एवढ्यावर कोलंबिया नदीत सॅमन नक्की मिळतो. पण ती नदी आधी समजून घे. कॅनडातून निघून ती सुमारे 2,000 किलोमीटर वाहत अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातल्या अ‍ॅस्टोरियाला समुद्राला मिळते, आणि तिच्या शेवटच्या 235 किलोमीटरमध्ये, बॉनव्हिल धरणाच्या पायथ्यापर्यंत, भरती-ओहोटी जाणवते. दाभोळच्या खाडीवर आमच्या वडीलधाऱ्यांनी जे शिकवलं आणि इथल्या जुन्या मासेमारांनी जे दाखवलं, ते तुझ्यासाठी लिहून ठेवतो. जावईबापूंनाही वाचायला दे.

जाण्याआधी येणं ठरव

नवा माणूस विचारतो, मासा कधी लागेल? तू विचार, मी परत फिरेन तेव्हा पाणी कुठे वाहत असेल? अ‍ॅस्टोरियाला सुकतीचा जोर भरतीपेक्षा जास्त, कारण उतरणाऱ्या समुद्राच्या जोडीला नदीचं स्वतःचं पाणीही बाहेर धावतं. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्राकडून वारा चढतो. वारा आत येतोय आणि पाणी बाहेर जातंय, अशी गाठ पडली की लाटा आखूड आणि उभ्या होतात. मोठ्या बोटीला त्याचं काही नाही, पण 16 फुटी होडीचं नाक अशा लाटेत घुसतं.

म्हणून दिवस असा निवड की सकाळची सुकती संपत आलेली असेल, मासेमारी भरतीवर होईल आणि दुपारची सुकती जोर धरण्याआधी होडी ट्रेलरवर चढलेली असेल. यात आणखी एक फायदा आहे. मधेच इंजिन बंद पडलं, तर भरती तुला गावाकडे नेईल. सुकती मात्र नेईल मुखावरच्या वाळूच्या उंबरठ्याकडे. त्याला इथे ‘बार’ म्हणतात आणि त्या परिसराला ‘पॅसिफिकचं स्मशान’ असं नाव पडलं आहे. मोठी जहाजंसुद्धा तो बार ओलांडताना स्थानिक पायलट घेतात. खवळलेल्या पाण्यात बचावनौका कशी चालवावी, याचं शिक्षण अमेरिकेचं कोस्ट गार्ड तिथेच, केप डिसअपॉइंटमेंटला देतं. ‘बॉय 10’ नावाच्या तरंगत्या खुणेपाशी नदीतल्या मासेमारीची हद्द संपते आणि सगळी गर्दी तिकडे धावते. तू धावू नकोस. पहिला हंगाम अ‍ॅस्टोरिया-मेग्लर पुलाच्या वरच्या अंगालाच काढ. मासा पुलाखालून वर येतोच.

पंचांग दिवस सांगेल, तास नाही

आपल्याकडे तिथीला पाऊणपट केलं की भरतीचा तास निघतो. अष्टमीला सहा, असा हिशेब कोकण किनाऱ्यावर अगदी जवळ बसतो. इथे तो हिशेब लावू नकोस. कोलंबियाला दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात खऱ्या, पण त्या सारख्या नसतात. एक भरती उंच तर दुसरी बेताची, एक ओहोटी खोल तर दुसरी उथळ. सर्वांत उंच आणि सर्वांत खालच्या पाण्यात सरासरी साडेआठ फुटांचा फरक पडतो. तास नेहमी तक्त्यातूनच घे, आणि तक्ताही ज्या रॅम्पवरून उतरणार त्याच्या जवळच्या ठिकाणाचा घे. भरती मुखातून वर चढत जाते, त्यामुळे वरच्या गावांत तीच भरती काही तास उशिरा पोहोचते.

पण कालनिर्णय भिंतीवरून काढू नकोस. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीचा भांग इथेही आहे. बॉय 10 चा ऐन हंगाम ऑगस्टचा, म्हणजे बहुधा आपल्या नारळी पौर्णिमेच्या आगेमागे. त्या पौर्णिमेला नारळ घरीच वाहा आणि होडी अंगणात ठेव. पहिली होडी अष्टमी उलटल्यावर, भांगाच्या पाण्यात लोट. तेव्हा प्रवाह मऊ असतो, सुकाणू हातात बसायला वेळ मिळतो.

एक बारकावा ध्यानात ठेव. तक्त्यात ओहोटी संपल्याची वेळ दिसली म्हणजे पाणी लगेच उलटं वाहू लागतं असं नाही. पातळी चढू लागते तरी प्रवाह काही काळ समुद्राकडेच ओढत राहतो. पातळीचा तक्ता आणि प्रवाहाचा तक्ता वेगळे असतात. दोन्ही बघ, आणि त्यावर तरंगत्या बॉयकडे बघ. तो ज्या बाजूला कलला असेल, तिकडे पाणी चाललं आहे.

सगळी तयारी कोरड्यावर

रॅम्पवर गेल्यावर तयारी करायची नाही, हा शिरस्ता कायमचा अंगी लाव. मागे लोक खोळंबतात, मग हात घाईला येतात आणि घाईत नेमकं महत्त्वाचं राहतं. रॅम्पच्या अलीकडे तयारीची जागा असते, तिथे थांब. सर्वांत आधी तळाचं बूच, म्हणजे ड्रेन प्लग, लाव. लावलं की हात लावून खात्री कर आणि जावईबापूंनाही हात लावून बघायला सांग. मग पेट्रोलची टाकी, बॅटरी, वल्ही, नांगर, शिटी, लाइफ जॅकेटं बघ. होडीच्या पुढच्या आणि मागच्या कडीला दोर बांध. फेंडर लटकव. इंजिन वर उचललेलं आहे ना बघ. मागचे पट्टे सोड. पुढच्या विंचचा हूक आणि साखळी मात्र होडी पाण्यात पोहोचेपर्यंत सोडायची नाही, नाहीतर उतरणीवर होडी थेट काँक्रीटवर येते.

पोर्टलंडहून दोनेक तास गाडी हाकून आलात की ट्रेलरच्या चाकांचे हब तापलेले असतात. तापलेला हब गार पाण्यात बुडाला की पाणी आत ओढतो आणि बेअरिंग खराब होतं. तयारीच्या त्या वेळात ते निवतात. ट्रेलरच्या दिव्यांची वायर गाडीपासून सोडायलाही विसरू नकोस.

रॅम्पवर हात खाली, नजर मागे

ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंगच्या तळाशी हात धर. ट्रेलर ज्या बाजूला जायला हवा, त्या बाजूला हात सरकव. बारीक बारीक वळणं दे. तिरका गेला तर पुढे घेऊन सरळ कर. हा सराव एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी करून ठेव, रॅम्पवर शिकायला जाऊ नकोस. उतरताना काचा खाली आणि सीटबेल्ट सोडलेला असू दे.

खालच्या पाण्याला रॅम्प वेगळा असतो. भरतीत झाकलेला भाग शेवाळून बुळबुळीत होतो, त्यावर गाडीची मागची चाकं आणि माणसाचे पाय दोन्ही घसरतात. खोल ओहोटीला काँक्रीट संपून ट्रेलरचं चाक कडेवरून खाली उतरण्याचीही भीती असते. म्हणून जाताना आणि येताना, दोन्ही वेळा त्या रॅम्पवर पाणी किती असेल ते तक्त्यात बघून ठेव.

होडी तरंगू लागली की इंजिन खाली घेऊन चालू कर. ते नीट धरलं, थंड पाण्याची बारीक धार बाहेर पडताना दिसली, की मगच विंचचा हूक सोड. एकाने होडी धक्क्याच्या टोकाला न्यायची, दुसऱ्याने गाडी लगेच वर काढायची. रॅम्प अडवून गप्पा, जेवणाचे डबे, गळ ओवणं यातलं काही करायचं नाही. मागच्याला वाट देणं हेही नावाड्याचंच काम आहे.

अंगावरचं जॅकेट, मनगटावरची दोरी

ओरेगॉनमध्ये 12 वर्षांपर्यंतच्या मुलांनी होडी चालती असताना लाइफ जॅकेट घालणं सक्तीचं आहे. माझ्या होडीत ते सगळ्यांना सक्तीचं असतं, तुझ्याही असू दे. समुद्राचं पाणी इथे आपल्या अरबी समुद्रासारखं ऊबदार नाही. थंडीच्या पहिल्या धक्क्याने श्वास लागतो आणि पट्टीचा पोहणाराही गांगरतो. तेव्हा आसनाखाली ठेवलेलं जॅकेट काय कामाचं?

इंजिन बंद करणाऱ्या लॅनयार्डची दोरीही तशीच. ज्या छोट्या होड्यांत ती सोय आहे, तिथे चालकाने ती अंगाला अडकवणं 2021 पासून देशाच्या कायद्याने बंधनकारक आहे. चालवणारा पाण्यात पडला, तर होडी त्याच्याभोवती पंखा फिरवत राहता कामा नये. 10 अश्वशक्तीच्या वरचं इंजिन चालवायला बोटर एज्युकेशन कार्ड लागतं. ते दोघांनीही काढा. एकाला काही झालं तर दुसऱ्याला होडी घरी आणता आली पाहिजे. VHF रेडिओ घ्या, 16 नंबरचा चॅनल ऐकत राहा.

जहाज आणि वाळू, दोघांना मान दे

नदीत 43 फूट खोल खणलेला जहाजांचा मार्ग आहे. त्यातून पोर्टलंडला जाणारी प्रचंड जहाजं येतात. त्यांना थांबता येत नाही, वळता येत नाही, आणि तुझी होडी त्यांच्या नाकासमोर दिसतही नाही. तू बाजूला हो, आणि मागून येणाऱ्या लाटेवर नाळ तिरकी धर.

मार्गाबाहेर गेलीस की वाळू. पुलाजवळची डेस्डेमोना सँड्स ही वाळू 1857 साली तिथे फुटलेल्या जहाजाच्या नावाने ओळखली जाते. भरतीला तिच्यावर निवांत फिरता येतं, सुकतीला होडी तिथेच बसते आणि पुढच्या भरतीपर्यंत हलत नाही. पाणी उतरत असताना उथळात शिरायचं नाही. चढत असताना टेकलीस तर थोडा धीर धर, पाणीच उचलेल.

नांगर टाकलास तर नेहमी नाळेवरून टाक. मागून कधीही नाही. वाहत्या पाण्यात मागची बाजू दाबली जाते आणि होडी क्षणात भरते. दोराला बॉय बांधून ठेव, म्हणजे जहाज आलं किंवा मासा लांब पळाला तर नांगर तिथेच सोडून निघता येतं. चाकू हाताशी हवाच.

मासा

यावर फार बोलत नाही, तो तुला हात धरून शिकवेल. सॅमनच्या जातींपैकी मुखात आधी चिनूक जास्त, मागाहून कोहो वाढतो. भरतीबरोबर मासा आत शिरतो, आणि पाणी फिरायच्या आगेमागे गळाला चांगला लागतो. पाठीच्या मोठ्या पराच्या मागे, शेपटीच्या अलीकडे एक छोटा मांसल पर असतो. हॅचरीत वाढवलेल्या माशाचा तो कापलेला असतो. पर शाबूत असेल आणि त्या दिवशीच्या नियमात तो सोडायचा असेल, तर पाण्यातच ठेवून गळ सोडव, होडीत ओढू नकोस. नियम हंगामाच्या मधेही बदलतात, म्हणून आदल्या रात्री फिश अँड वाइल्डलाइफ खात्याची ताजी सूचना वाच. परवाना आणि टॅग खिशात ठेव. ठेवायचा मासा लगेच कल्ले कापून रक्त काढून बर्फात घाल. चिनूक हे नाव या मुखाशी पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या लोकांचं आहे. त्यांच्या नदीतून घेतो आहोत, तेव्हा लागेल तेवढंच घ्यायचं.

घरी येताना

होडी वर काढली की रॅम्पपासून दूर नेऊन प्लग काढ आणि सगळं पाणी सोडून दे. प्लग काढूनच रस्त्याला लागायचं, हा ओरेगॉनचा कायदा आहे. परक्या शिंपल्या आणि पाणवनस्पती एका पाण्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून तो आहे. घरी गोड्या पाण्याने इंजिन आणि ट्रेलर धू, होडी वाळव.

आणि निघण्याआधी एवढं कर. कुठल्या रॅम्पवरून उतरणार, किती वाजता परत येणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोस्ट गार्डला कळवायचं, हे कागदावर लिहून मला किंवा शेजाऱ्यांना दे. फिरण्याची वेळ घरीच ठरव, घड्याळात गजर लाव. गजर वाजला आणि मासे नुसते उड्या मारत असले, तरी गळ गुंडाळ. सॅमन पुढच्या भरतीलाही येतो. हे दोनतीनदा मन घट्ट करून पाळलंस की पुढे ते आपोआप होतं, आणि मग तुझ्या मुलीला तू हाच नियम शिकवशील. तिच्या हातात गळ द्यायच्या आधी भरतीचा तक्ता दे.