सेवा करणाऱ्यांच्या मनाची जखम

मी नुकताच सरकारी नोकरीत लागलो होतो, तेव्हाची गोष्ट. रात्रपाळी होती. दोनच्या सुमारास घाटात वऱ्हाडाचा टेम्पो उलटला आणि तीसेक जखमी एकदमच रुग्णालयाच्या दारात आले. डॉक्टर मी एकटा. सोबत एक वयस्कर सिस्टर आणि एक वॉर्डबॉय. उजाडेपर्यंत सिस्टर क्षणभरही बसल्या नाहीत. सात-आठ वर्षांचा एक मुलगा त्यांचा हात धरूनच गेला. त्यांनी त्याचे डोळे मिटले आणि त्या पुढच्या रुग्णाला सलाईन लावायला गेल्या.

दीड महिन्याने त्या मला म्हणाल्या, "डॉक्टर, टेम्पोचा आवाज आला की माझे हात थरथरतात. रात्री झोप लागत नाही. तो मुलगा दिसतो." मी हसून म्हणालो, "अहो सिस्टर, तुम्हाला वीस वर्षांची सवय आहे. दोन दिवस रजा घ्या, विसरून जाल." त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. वर्षभरात त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली.

माझी चूक मला फार उशिरा कळली. व्हिएतनामच्या युद्धात काम केलेल्या अमेरिकन परिचारिकांविषयी मी वाचत होतो. त्यांच्या तक्रारी आमच्या सिस्टरांसारख्याच होत्या. म्हणून आज त्यांची हकिगत सांगतो.

बावीस-तेवीस वर्षांच्या मुली

व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैन्याच्या सुमारे ११,००० स्त्रियांनी काम केले. त्यांतल्या दहापैकी नऊ परिचारिका होत्या. बऱ्याच जणींचे शिक्षण संपून वर्ष-दोन वर्षेच झाली होती. नेमणूक एक वर्षाची. बारा तासांची पाळी, आठवड्याचे सहा दिवस. जखमींची रीघ लागली की पाळी केव्हा संपली याचाही पत्ता नसे.

या युद्धात जखमींना हेलिकॉप्टरने उचलून आणत. पूर्वीच्या युद्धांत जे रणांगणावरच मेले असते, असे जवानही आता जिवंत रुग्णालयात पोहोचू लागले. रुग्णालयात पोहोचलेल्या शंभर जखमींपैकी सुमारे ९७ जण वाचत. वैद्यकशास्त्राचे हे मोठेच यश होते. पण हात-पाय तुटलेली, भाजलेली कोवळी पोरे रोज पाहायची, ही त्या यशाची किंमत परिचारिकांनी मोजली.

एकाच वेळी फार जखमी आले की त्यांचे गट पाडावे लागतात. याला 'ट्रायाज' म्हणतात. ज्यांच्यावर ताबडतोब शस्त्रक्रिया हवी ते आधी, जे थांबू शकतात ते नंतर. आणि ज्यांची आशाच उरलेली नाही, त्यांना बाजूला, बहुधा पडद्याआड ठेवायचे. वेळ आणि माणसे अपुरी असताना जास्तीत जास्त जीव वाचवण्याचा हाच मार्ग असतो. पण पडद्यामागे आपल्याच वयाचा मुलगा एकटा जाऊ नये म्हणून त्याचा हात धरून कुणी बसायचे? परिचारिकेनेच.

धोका त्यांनाही होता. ८ जून १९६९ रोजी चू लाय येथील रुग्णालयावर रॉकेट पडले आणि शॅरन लेन ही २५ वर्षांची परिचारिका कामावर असतानाच मृत्यू पावली. वॉशिंग्टनच्या स्मारकभिंतीवर या युद्धातील आठ स्त्रियांची नावे कोरली आहेत. त्या आठही जणी परिचारिका होत्या.

घरी आल्यावर

वर्ष संपले की विमानात बसायचे आणि एक-दोन दिवसांत आईच्या स्वयंपाकघरात. मध्ये विसावा नाही, कुणाशी बोलणे नाही. देशात युद्धाविरुद्ध संताप होता, त्यामुळे अनेकींनी आपण तिथे होतो हेच लपवले. शिवाय "तुम्ही कुठे लढलात?" असेही ऐकावे लागे. पुढे दुःस्वप्ने, हेलिकॉप्टरच्या आवाजाने दचकणे, विनाकारण रडू येणे, दारूचा आधार असे सुरू झाले, तेव्हा पुष्कळ जणींना वाटले की आपणच दुबळ्या आहोत.

१९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी या विकाराला 'पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसॉर्डर', म्हणजे आघातानंतरचा ताणविकार, असे नाव दिले. १९८३ मध्ये लिंडा व्हॅन डेव्हँटर या परिचारिकेने पुस्तक लिहून आपली अवस्था उघड केली. तिच्यावर टीकाही झाली. पण १९८८ साली पूर्ण झालेल्या मोठ्या पाहणीत दिसले की व्हिएतनाममध्ये काम केलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे २७ जणींना आयुष्यात केव्हा ना केव्हा हा विकार झाला होता.

हा विकार ओळखावा कसा?

संकट आले की छातीत धडधडते, अंग ताठ होते, झोप उडते. शरीराची ती तयारीच असते. संकट टळल्यावर हे सारे हळूहळू शांत व्हायला हवे. काहींच्या बाबतीत ते होत नाही. चोर निघून गेला तरी कुत्रे भुंकतच राहावे, तसे शरीर सावधच राहते. पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे:

१) तो प्रसंग नको असताना डोळ्यांसमोर येणे, त्याची वाईट स्वप्ने पडणे.
२) ती जागा, तो विषय, ती माणसे टाळणे.
३) लहानशा आवाजाने दचकणे, चिडचिड, झोप न लागणे.
४) कशातच मन न लागणे, "मीच कमी पडले" असे सतत वाटणे.

आघातानंतर पहिले काही दिवस असे होणे स्वाभाविक आहे आणि बहुतेक जण आपोआप सावरतात. पण महिना उलटून गेला तरी त्रास कायम असेल व कामात, घरात अडचण होत असेल, तर तो आजार समजावा.

उपाय काय?

हा आजार बरा होऊ शकतो. प्रशिक्षित समुपदेशकाशी टप्प्याटप्प्याने त्या प्रसंगाविषयी बोलणे, हा मुख्य उपचार. गरजेनुसार मानसोपचारतज्ज्ञ औषधेही देतात. मनाने झोपेच्या गोळ्या घेऊ नयेत. दारूने तर त्रास वाढतोच. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. तेथे मराठीतूनही बोलता येते.

घरच्यांनी "विसरून जा", "तुला तर सवय आहे" असे म्हणू नये. बोलायची जबरदस्तीही करू नये. पण बोलू लागल्यास मध्ये न तोडता ऐकावे.

वाचकहो, ही केवळ युद्धाची गोष्ट नाही. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनाच्या वॉर्डात नातेवाइकांना प्रवेश नव्हता, तेव्हा शेवटच्या क्षणी रुग्णांचा हात परिचारिकांनीच धरला होता. आपल्या गल्लीत, नात्यात अशी एखादी सिस्टर असेल. तिला एकदा सहज विचारा, "ताई, तेव्हाचं अजून आठवतं का हो?"

व्हिएतनामच्या परिचारिकांचे स्मारक वॉशिंग्टनमध्ये ११ नोव्हेंबर १९९३ रोजी उभे राहिले, युद्ध संपून अठरा वर्षे झाल्यावर. आमच्या सिस्टरांना स्मारक नको होते. त्या फक्त दहा मिनिटे बोलायला आल्या होत्या. ती दहा मिनिटे मी दिली नाहीत, याची खंत मला आजही आहे.