टूल बनवून घेताना

उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातून जीन्स उचलायची आणि ॲमेझॉन, फ्लिपकार्टवर विकायची, हा माझा धंदा. तसाच माल इतर लोक केवढ्याला देतात, हे बघून एक्सेलमध्ये भरण्यात एका पोऱ्याची सकाळ जायची. म्हणून मालाचा कोड टाकला की भाव दाखवणारं टूल बदलापूरच्या एका फ्रीलान्स डेव्हलपरकडून बनवून घेतलं. त्यातून शिकलेल्या गोष्टी अशा:

१. डेव्हलपरला पहिला प्रश्न हा विचारा: माहिती आणणार कुठून? ‘साइटवरून उचलू’ म्हणाला तर थांबा. ॲमेझॉनच्या अटींत त्याला मनाई आहे. शिवाय कॅप्चा आडवा आला किंवा पानाची मांडणी बदलली की टूल बंद. विक्रेत्यांसाठी ॲमेझॉनची सेलिंग पार्टनर एपीआय (प्रोग्रामने थेट माहिती मागवायची सोय) ही अधिकृत वाट आहे. ॲमेझॉनची आधीची एपीआय, एमडब्ल्यूएस, २०२४ मध्ये बंद झाली; अजून तिच्याच गोष्टी सांगणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. अधिकृत वाटेवरही दर सेकंदाला किती विचारणा करायच्या याला मर्यादा असते, तेव्हा सगळे भाव चुटकीसरशी येतील ही आशा नको.

२. खरी डोकेदुखी मालाच्या कोडची. ॲमेझॉनचा एएसआयएन दहा अक्षरी, फ्लिपकार्टचा एफएसएन निराळा. ८९० ने सुरू होणारा बारकोड दोन्हीकडे असता तर जुळवणी सोपी होती, पण आपल्याकडच्या बऱ्याच मालावर तो नसतोच. त्यात २८ ते ३६ कंबर, वर रंग. प्रत्येकाचा एएसआयएन वेगळा. ही जुळवणी डेव्हलपर करू शकत नाही, त्याला निळ्या-निळ्यातला फरक काय कळणार! ती यादी दुकानात बसून आपणच करायची.

३. सर्व्हर, डोमेन, एपीआयच्या चाव्या आपल्या नावावर. सेलर खात्याचा पासवर्ड कुणालाही नाही. वेगळा युजर काढून लागेल तेवढीच परवानगी द्या.

४. पैसे मोजले म्हणजे टूलचा प्रोग्राम आपला, असं बाजारात सगळेच धरून चालतात. १९५७ चा कॉपीराइट कायदा तसं म्हणत नाही. नोकरीत नसलेल्या माणसाने लिहिलेल्या प्रोग्रामचा पहिला मालक सहसा तोच. हक्क लेखी, सहीनिशी लिहून घ्यावे लागतात. त्यात मुदत नसली तर पाचच वर्षं धरतात, प्रदेश नसला तर फक्त भारत. दुबईला माल पाठवून तिथेही टूल वापरायचा विचार असेल तर मुदत आणि प्रदेश दोन्ही स्पष्ट लिहून घ्या.

५. शेवटचा हप्ता टूल आपल्या मालावर चालवून बघितल्यावरच. आणि देखभालीचा दर आधी ठरवा. अंबरनाथ एमआयडीसीतल्या ओळखीच्या कारखानदाराने तो ठरवला नव्हता. एपीआय बदलल्यावर दुरुस्तीला त्याला मागतील ते पैसे मोजावे लागले.